साधी डोकेदुखी की अर्धशिशी? घरातल्या घरात होणारं निदान कुठे चुकतं?

"पित्त झालंय, उलटी झाली की मोकळं वाटेल." "चष्म्याचा नंबर वाढला असेल." "सायनस आहे, वाफ घे." "एकदा बीपी तपासून ये." "आधी तो मोबाईल खाली ठेव."

घरात कुणी डोकं दुखतंय म्हटलं, की यातलं एखादं निदान पाच मिनिटांत तयार असतं. मग बाम येतो, आल्याचा चहा येतो, डब्यातली एखादी गोळी येते. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण काहींचं भागत नाही. महिन्यातून दोन-तीनदा पडदे ओढून, दिवे मालवून, कपाळाला ओढणी आवळून त्यांना पडून राहावं लागतं. त्यांच्यासाठीही घरातलं निदान तेच असतं आणि ते वर्षानुवर्षं बदलत नाही.

यातल्या बऱ्याच जणांना मायग्रेनचा त्रास असतो. म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत अर्धशिशी.

हा त्रास किती जणांना आहे? बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतल्या तज्ज्ञांनी शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या १८ ते ६५ वयाच्या २,३२९ लोकांची घरोघरी जाऊन पाहणी केली होती. वर्षभरात एकदा तरी डोकं दुखलं, असं सांगणारे ६३.९ टक्के निघाले. मायग्रेनच्या व्याख्येत बसणारे होते २५.२ टक्के, म्हणजे चारात एक. जगभराचा अंदाज सातात एक असा आहे. २०१९ सालच्या जागतिक आकडेवारीनुसार माणसाला कामातून, रोजच्या जगण्यातून बाजूला बसवणाऱ्या आजारांमध्ये मायग्रेनचा क्रमांक दुसरा लागतो आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये तर पहिला.

एवढा मोठा आजार असूनही तो ओळखला का जात नाही? एक कारण असं की तो कुठल्याही तपासणीत दिसत नाही. रक्त तपासा, सीटी स्कॅन करा, एमआरआय करा, मायग्रेनच्या रुग्णाचे रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येतात. मग घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये तुला." प्रत्यक्षात मायग्रेनचं निदान रिपोर्टवरून होत नाही. ते डोकं कसं दुखतं, किती वेळ दुखतं आणि दुखताना आणखी काय काय होतं, यावरून होतं. म्हणजे निदानाची अर्धी किल्ली रुग्णाच्या सांगण्यातच असते.

नावातच थोडी फसगत आहे

अर्धशिशी म्हणजे अर्धं डोकं दुखणं. मायग्रेन या शब्दाचं मूळही तेच सांगतं. ग्रीक भाषेत 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, आणि त्यावरून झिजत झिजत मायग्रेन झाला. सुश्रुतसंहितेतही डोक्याच्या अकरा रोगांमध्ये 'अर्धावभेदक' आहे. हजारो मैलांच्या अंतरावर, वेगवेगळ्या भाषांत लोकांनी या दुखण्याला एकाच खुणेवरून नाव दिलं.

गंमत अशी की ही खूण सगळ्यांना लागू पडत नाही. मायग्रेनच्या दहापैकी साधारण चार जणांचं डोकं दोन्ही बाजूंनी दुखतं. लहान मुलांमध्ये तर दोन्ही बाजूंनी दुखणं नेहमीचंच. त्यामुळे "माझं तर पूर्ण डोकं दुखतं, म्हणजे अर्धशिशी नाही" हा निष्कर्ष घाईचा ठरतो. काही जणांची एकदा डावी बाजू दुखते, एकदा उजवी. तेही मायग्रेनमध्ये बसतं.

साधी डोकेदुखी कशी असते?

ज्याला आपण साधी डोकेदुखी म्हणतो तिला डॉक्टर टेन्शन-टाइप हेडेक म्हणतात. नावात टेन्शन असलं तरी दर वेळी मनावर ताण असतोच असं नाही. झोप कमी झाली, लॅपटॉपसमोर मान वाकवून सहा तास बसलात, लोकलमध्ये उभ्यानं दीड तास गेला, दुपारचं जेवण चार वाजता झालं, एवढंही पुरतं.

हे दुखणं आवळल्यासारखं असतं. कपाळाभोवती कुणीतरी पट्टा ओढून बांधलाय किंवा डोक्यावर ओझं ठेवलंय, असं लोक सांगतात. दोन्ही बाजूंनी दुखतं, पण ठणकत नाही. अर्ध्या तासापासून थेट सात दिवसांपर्यंत ते रेंगाळू शकतं. तरीही माणूस कुरकुरत का होईना, कामं उरकतो. मळमळत नाही, उलटी होत नाही. उजेड किंवा आवाज यांपैकी एखाद्याचा थोडा त्रास होईल, दोन्हींचा सहसा नाही. जरा चालून आलं, मान मोकळी केली, झोप काढली की बरं वाटतं.

आणि अर्धशिशी?

आंतरराष्ट्रीय हेडेक सोसायटीनं डोकेदुखीच्या प्रकारांचं जे वर्गीकरण केलं आहे, त्याची तिसरी आवृत्ती २०१८ साली आली. जगभरचे डॉक्टर तेच वापरतात. त्यानुसार मायग्रेनचा झटका उपचार न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकतो. चार गोष्टींपैकी किमान दोन असाव्या लागतात: एका बाजूला दुखणं, नाडीच्या ठोक्यासारखं ठणकणं, मध्यम ते तीव्र वेदना, आणि साध्या हालचालीनं दुखणं वाढणं. शिवाय मळमळ किंवा उलटी तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होणं तरी. असे किमान पाच झटके येऊन गेले आणि दुसरं काही कारण सापडलं नाही, की मायग्रेन म्हणता येतो.

यातली हालचालीची खूण फार उपयोगी आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. डोकं दुखत असताना जिना चढावासा वाटतो का? खाली वाकून जमिनीवरची वस्तू उचलता येते का? साध्या डोकेदुखीत हे जमतं. मायग्रेनमध्ये दोन पायऱ्या चढल्या तरी डोक्यात घण पडतात. म्हणून मायग्रेनचा माणूस अंधाऱ्या खोलीत न हलता पडून राहतो. तो आळस करत नसतो, हालचालीनं दुखणं वाढतं हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं.

वास हा आणखी एक इशारा. फोडणीचा, अत्तराचा, अगरबत्तीचा, पेट्रोलचा जो वास एरवी जाणवतही नाही, तो झटक्याच्या वेळी पोटात ढवळून आणतो.

एवढं सगळं लक्षात ठेवायचं नसेल, तर तीन प्रश्न पुरतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून ते आले. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एक दिवस तरी काम, अभ्यास किंवा ठरवलेली गोष्ट अडली का? डोकं दुखताना मळमळलं का? उजेडाचा त्रास झाला का? त्या अभ्यासात डोकेदुखीची तक्रार असलेल्या ज्यांची किमान दोन उत्तरं 'हो' आली, त्यांच्यातल्या १०० पैकी ९३ जणांना तज्ज्ञांच्या तपासणीत मायग्रेनच निघाला. हे प्रश्न म्हणजे निदान नव्हे. पण डॉक्टरकडे जायचं की अजून एक बाम आणायचा, हे ठरवायला भरपूर आहेत.

झटका डोक्यात सुरू होतो, पण दुखण्याच्या आधी

साधी डोकेदुखी सुरू होते आणि थांबते. मायग्रेनला मात्र आधी आणि नंतर असतं. काही तास किंवा अगदी आदल्या दिवशीपासून सारख्या जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. इथे एक मजेशीर घोळ होतो. चॉकलेट खाल्लं आणि डोकं दुखलं, म्हणून चॉकलेट बदनाम होतं. पण अनेकदा झटका आतून सुरू झालेला असतो, म्हणूनच चॉकलेट खावंसं वाटलेलं असतं. मानेचंही तसंच. मायग्रेनमध्ये मान दुखणं इतकं नेहमीचं आहे, की कित्येक जण आधी मणक्याचा एक्स-रे काढून, गळ्यात पट्टा घालून मोकळे होतात.

मग मायग्रेनच्या सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यातल्या रुग्णांना ऑरा येतो. डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा, मध्येच एक आंधळा ठिपका, हातापासून तोंडापर्यंत सरकत जाणाऱ्या मुंग्या, कधी शब्द न सापडणं. हे हळूहळू पसरतं आणि साधारण ५ ते ६० मिनिटांत ओसरतं. पहिल्यांदा ज्याला होतं तो घाबरतोच.

हे नेमकं काय आहे, याचा माग एका रुग्णानंच काढला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांना स्वतःला असा ऑरा यायचा. तो आंधळा ठिपका नजरेच्या पटलावर कसा पसरतो, याची चित्रं ते काढून ठेवत. त्यावरून गणित मांडून १९४१ साली त्यांनी लिहिलं की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकत असावं. तीनच वर्षांनी, १९४४ साली, ब्राझीलचे आरिस्टिडीज लेआव यांना सशाच्या मेंदूवर अशीच संथ पसरणारी लाट सापडली. आधी पेशी उत्तेजित होतात, मागोमाग काही काळ शांत पडतात. आज ऑराचं कारण हीच लाट मानली जाते.

आणि वेदना? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कळते ती त्याच्या भोवतीच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस तिथे पोचलेली असते. झटक्यात या नसेची टोकं सीजीआरपी नावाचं एक रसायन सोडतात आणि वेदनेचा संदेश चढत जातो. झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेच्या रक्तात हे रसायन वाढलेलं असतं, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० साली दाखवलं. त्यातून पुढे औषधं निघाली आणि २०२१ साली या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना मेंदूसंशोधनातला मानाचा 'ब्रेन प्राइज' मिळाला.

थोडक्यात, मायग्रेन ही 'नुसती डोकेदुखी' नाही. तो मज्जासंस्थेचा आजार आहे, अनेकदा घराण्यात चालत येणारा. डोकं दुखणं हा त्याचा एक भाग.

पित्त, सायनस, चष्मा, बीपी: गल्लत नेमकी कुठे होते?

महाराष्ट्रात मायग्रेनचं सगळ्यात लाडकं टोपणनाव आहे पित्त. "माझं पित्ताचं डोकं आहे" हे वाक्य प्रत्येक घरात एक जण तरी म्हणतो. त्यामागचा तर्कही सरळ आहे. डोकं दुखतं, मळमळतं, कडू पिवळी उलटी होते आणि उलटीनंतर उतार पडतो. म्हणजे पित्त बाहेर पडलं आणि डोकं थांबलं!

पण क्रम उलटा आहे. मळमळ आणि उलटी मायग्रेनच्या झटक्याचाच भाग आहेत. झटक्यात जठराचं काम मंदावतं, अन्न पुढे सरकत नाही. रिकाम्या पोटी ओकाऱ्या होत राहिल्या की आतड्यातला पित्तरस वर येतो, म्हणून उलटी कडू आणि पिवळी. उलटीनंतर अनेकांचा झटका ओसरतो हे खरं. झोप लागल्यावरही तो असाच ओसरतो. त्यावरून आजार पोटात होता असं ठरत नाही. पण या समजुतीची किंमत मोठी आहे. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या जातात, काही जण मुद्दाम घशात बोटं घालून उलटी काढतात आणि डोक्यावर इलाज होतच नाही.

दुसरं नाव सायनस. कपाळात आणि गालांत दुखतंय, नाक चोंदलंय, डोळ्यांतून पाणी येतंय, मग सायनसच असणार. अमेरिकेत अशा 'सायनसच्या डोकेदुखी'च्या २,९९१ रुग्णांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची होती. कारण ट्रायजेमिनल नस चिडली की नाक आणि डोळेही प्रतिसाद देतात. खऱ्या सायनसच्या जंतुसंसर्गात घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास कळेनासा होतो, ताप असू शकतो. दर महिन्याला ठरल्यासारखं सायनस होत असेल आणि दोन दिवसांत आपोआप जात असेल, तर त्या निदानाकडे पुन्हा बघायला हवं.

चष्म्याचा नंबर चुकला असेल तर डोकं दुखतं, पण हलकं, वाचून-शिवून झाल्यावर. डोळ्यांना विश्रांती दिली की थांबतं. उलटी होईपर्यंत ठणकणाऱ्या डोक्याचं कारण नंबर क्वचितच असतं. बीपीचंही तसंच आहे. थोडं वाढलेलं बीपी बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. वरचा आकडा १८० आणि खालचा १२० च्या आसपास किंवा पुढे गेला, तर डोकेदुखी होऊ शकते. ठणकणाऱ्या डोक्यानं बीपी मोजलं आणि ते जरा जास्त आलं, तर ते दुखण्यामुळेही वाढलेलं असू शकतं.

न्हाणं, उपवास आणि सुटलेला चहा

झटका कशानं उठतो, याच्या परदेशी याद्यांमध्ये रेड वाइन आणि जुनं चीज असतं. आपल्याकडच्या याद्या वेगळ्या निघतात. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली 'सेफॅलॅल्जिया' या वैद्यकीय नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची नोंद मांडली. या रुग्णांमध्ये झटका उठवणारी गोष्ट होती डोक्यावरून अंघोळ. लांब केस धुणं आणि मग ते तसेच ओले राहणं. "न्हाले की डोकं धरतं" असं बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या, ते जगाच्या वैद्यकीय नोंदींत एका मुंबईकर डॉक्टरमुळे गेलं. ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी केस लगेच कोरडे करणं आणि उपाशीपोटी न न्हाणं करून पाहायला हरकत नाही.

उपवासाचं कारण तर सर्वांना ओळखीचं. वर्गीकरणात उपाशी राहिल्यानं होणाऱ्या डोकेदुखीचा वेगळा प्रकारच आहे. किमान आठ तास पोटात काही नसताना ती होते आणि मायग्रेन असणाऱ्यांना तिचा धोका जास्त असतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्या घरात संध्याकाळी कुणाचं तरी डोकं हटकून दुखतं, ते उगाच नाही. त्यात निर्जळी उपवास आणि दुपारचं ऊन असेल तर विचारूच नका.

चहा-कॉफीची गोष्ट दुहेरी आहे. रोज दोन आठवड्यांहून जास्त काळ भरपूर कॅफीन घेणाऱ्याचा चहा अचानक सुटला, तर २४ तासांच्या आत डोकं दुखू लागतं आणि चहा घेतल्यावर तासाभरात थांबतं. त्यामुळे चहानं थांबणारी प्रत्येक डोकेदुखी चहावर 'इलाज' झालेली नसते, काही वेळा ती चहामुळेच आलेली असते. याशिवाय अपुरी झोप, रविवारची जास्तीची झोप, भर उन्हातला प्रवास, पाळीचे दिवस. मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही, मग तो सुखाचा का असेना.

डब्यातली गोळीच दुखणं वाढवते तेव्हा

हा भाग कमी लोकांना माहीत असतो आणि नुकसान इथेच जास्त होतं. डोकं दुखलं की गोळी, पुन्हा दुखलं की पुन्हा गोळी, असं करता करता एक दिवस गोळीचा असर उतरला म्हणूनच डोकं दुखायला लागतं. याला औषधांच्या अतिवापरानं होणारी डोकेदुखी म्हणतात. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या किंवा मायग्रेनच्या ट्रिप्टानसारख्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की हा धोका उभा राहतो.

मेडिकलमधून सुट्या मिळणाऱ्या डोकेदुखीच्या गोळ्यांपैकी अनेक संयुक्तच असतात. पाकिटाच्या मागे घटक छापलेले असतात, ते एकदा वाचावेत. "रोज एक गोळी घेतल्याशिवाय दिवस सुरू होत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला आणखी जालीम गोळी देऊन भागत नाही. आधीची बंद करावी लागते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण बंद केल्यावर पहिले काही दिवस डोकं जास्त दुखतं.

स्त्रियांना जास्त का? आणि गर्भनिरोधक गोळीचा काय संबंध?

मुलगे आणि मुली लहान असतात तोवर मायग्रेनचं प्रमाण जवळपास सारखं असतं. पाळी सुरू झाल्यावर फरक पडतो आणि मोठ्यांमध्ये ते स्त्रियांत दोन ते तीन पट होतं. इस्ट्रोजेनची पातळी घसरली की झटका उठतो, म्हणून पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पहिले तीन दिवस धोक्याचे. गरोदरपणाच्या मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत अनेकींना बरं वाटतं, पाळी गेल्यावरही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ज्या स्त्रीला ऑरासह मायग्रेन आहे, म्हणजे डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा आंधळा ठिपका येतो, तिनं इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. वय कितीही असो. ऑरामुळे पक्षाघाताचा धोका आधीच थोडा वाढलेला असतो, ही गोळी तो आणखी वाढवते आणि सिगारेट असेल तर आणखी. सरकारी दवाखान्यात मिळणारी माला-एन ही याच संयुक्त प्रकारातली गोळी आहे. गोळी सुरू करताना "डोळ्यांसमोर चमकतं का?" हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर ही माहिती आपण होऊन सांगावी. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय असतात.

हे झालं तर वाट बघू नका

आतापर्यंतचं सगळं दुखणं त्रासदायक आहे, पण जिवावर उठणारं नाही. काही डोकेदुखी मात्र वेगळी असते. वीज कोसळावी तशी आली आणि मिनिटाभरात कळसाला पोचली, तर मेंदूतला रक्तस्राव असू शकतो. डोकेदुखीसोबत हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, फिट आली, शुद्ध हरपू लागली, तर थेट १०८ ला फोन करायचा. ऑरा आणि पक्षाघात यांत गोंधळ होऊ शकतो. ऑरा मिनिटामिनिटानं सरकत पसरतो, पक्षाघाताची लक्षणं एकदम येतात. पण आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल तर हा फरक घरी बसून ठरवायचा नाही.

ताप, मान ताठ होणं आणि डोकेदुखी हे त्रिकूट मेंदूज्वराचं असू शकतं. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर कित्येक दिवस हळूहळू वाढत जातो, बारीक ताप, वजन घटणं आणि रोज थोडं अधिक दुखणारं डोकं अशा वेशात. डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेली, कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्या रुग्णाची, खोकताना-शिंकताना उसळणारी, या सगळ्या लगेच दाखवायच्या.

आणि पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा सुरू झालेली. कानशिलाला हात लावला तरी दुखतं, घास चावताना जबडा दुखतो, नजर मधूनच अंधुक होते, असं असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. उशीर केला तर दृष्टी जाऊ शकते.

आणखी एक प्रकार पुरुषांत जास्त दिसतो, तो क्लस्टर. एकाच डोळ्यामागे भयंकर कळ, तोच डोळा लाल, त्याच बाजूचं नाक गळतं, १५ मिनिटं ते तीन तास, दिवसातून अनेकदा आणि पुष्कळदा रात्री ठरल्या वेळी. मायग्रेनचा माणूस निपचित पडतो, क्लस्टरचा माणूस येरझाऱ्या घालतो. याचा उपचार वेगळा असतो.

डॉक्टरकडे काय घेऊन जायचं?

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालते, गरज पडल्यास ते न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतात. धोक्याची खूण नसेल आणि तपासणी नॉर्मल असेल, तर प्रत्येकाला एमआरआय लागत नाही.

झटक्याचं औषध लवकर घ्यावं लागतं. जठर मंदावल्यावर गिळलेली गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून "बघू, सहन होतंय तोवर" करत चार तासांनी घेतलेली गोळी वाया जाते. डॉक्टर सोबत मळमळ थांबवणारं औषधही देतात. साध्या गोळ्यांनी भागलं नाही तर ट्रिप्टान असतात, पण हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत. महिन्यात चार किंवा अधिक दिवस जात असतील तर झटके कमी करण्यासाठी रोज घेण्याची औषधं सुरू करण्याचा विचार होतो. यातली बरीचशी मुळात दुसऱ्याच आजारांसाठी बनली होती: प्रोप्रानोलॉल हृदयविकारासाठी, अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी, टोपिरामेट फिटसाठी. प्रिस्क्रिप्शनवर फिटची गोळी बघून घाबरायचं कारण नाही. पण दमा असेल, दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ते आधी सांगायचं, कारण त्यावरून औषध बदलतं. खास मायग्रेनसाठी सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली आहेत. ती महाग आहेत आणि सहसा बाकीचं करून झाल्यावर विचारात घेतली जातात.

पहिल्या भेटीला सगळ्यात उपयोगी पडते ती साधी नोंद. मोबाईलच्या कॅलेंडरमध्येही चालते. कोणत्या तारखेला दुखलं, किती वाजता सुरू झालं, किती तास टिकलं, एका बाजूला की दोन्ही, ठणकत होतं की आवळत होतं, उलटी झाली का, उजेड सोसत होता का, आदल्या रात्री झोप किती झाली, जेवण चुकलं होतं का, पाळीचा कितवा दिवस होता आणि कोणती गोळी किती वाजता घेतली. गोळीचा रकाना सोडायचा नाही. अशी दोन महिन्यांची नोंद समोर ठेवली, की "डॉक्टर, माझं डोकं सारखं दुखतं" एवढं सांगून जे कळत नाही, ते डॉक्टरांना पाच मिनिटांत कळतं.